औंढ्याच्या शिखरापासून महेश्वरच्या घाटापर्यंत : अहिल्याबाई होळकर



औंढा नागनाथला आपल्या हिंगोली जिल्ह्यातली जवळजवळ प्रत्येक शाळा कधी ना कधी सहल नेतेच. मुलं अरुंद पायऱ्यांनी खाली गाभाऱ्यात उतरतात, घामाघूम होऊन वर येतात, मग संत नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं आणि नंदी मागे राहिला ही गोष्ट ऐकतात. डबे खायची वेळ होते आणि सहल संपते. पुढच्या वेळी एक करून बघा. मुलांना आवारात थोडं लांब उभं करा आणि देवळाकडे खालून वर सावकाश पाहायला सांगा. खाली काळा दगड, त्यावर दाट कोरीव काम. वर नजर गेली की बांधकामाची तऱ्हाच बदलते. खालचं काम यादवकाळातलं, म्हणजे नामदेव-ज्ञानेश्वरांच्या काळाच्या आसपासचं. वरचं त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी झालेलं. पडझड झालेल्या या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

चौकस मुलगा असेल तर तो लगेच विचारतो, की त्या तर इंदूरच्या होत्या ना? मग इथे कशा आल्या? प्रश्न अगदी बरोबर आहे. त्या काळी आपला हा सगळा भाग निजामाच्या अमलात होता. नर्मदेच्या काठी राहणाऱ्या एका बाईंनी दुसऱ्याच्या राज्यातल्या देवळाचं काम का काढलं आणि पैसा कुठून आणला, याचं उत्तर द्यायचं तर त्यांचं सगळं आयुष्यच सांगावं लागतं.

आपल्या शाळांची एक अडचण आहे. ३१ मेला जयंती, तेव्हा सुट्ट्या. १३ ऑगस्टला पुण्यतिथी, तेव्हा आपण कवायत आणि झेंडावंदनाच्या तयारीत. त्यामुळे अहिल्याबाई मुलांना भेटतात त्या बहुधा पाठ केलेल्या पाच मिनिटांच्या भाषणातून. हातात शिवलिंग, पांढरी साडी, पुण्यश्लोक, अमुक इतकी मंदिरं, धन्यवाद. त्या भाषणात बाई दिसतच नाही.

तर सुरुवातीपासून सांगतो.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, चौंडी गावचा. हे गाव जामखेड तालुक्यात आहे, ज्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. घर धनगर समाजाचं, खाऊन-पिऊन सुखी, पण राजवाडा वगैरे काही नाही. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नसण्याच्या त्या काळात या मुलीला लिहिता-वाचता येऊ लागलं, ही पुढच्या सगळ्या गोष्टीची पहिली वीट समजा. मल्हारराव होळकर एकदा चौंडीला मुक्कामी असताना त्यांनी देवळात या मुलीला पाहिलं आणि सून म्हणून पसंत केली, अशी कथा सांगतात. १७३३ मध्ये लग्न झालं. आठ वर्षांची नवरी. आपल्या दुसरी-तिसरीच्या वर्गातली मुलगी डोळ्यांपुढे आणा म्हणजे कळेल.

सासरचं घर मात्र वेगळं होतं. मल्हारराव स्वतः गरिबीतून, मेंढरं राखण्यापासून वर आलेले. पेशव्यांच्या फौजेत शिरून माळव्याचे सुभेदार झालेले. सासूबाई गौतमाबाई करड्या आणि हिशेबी. पेशव्यांनी गौतमाबाईंना स्वतंत्र खासगी जहागीर दिली होती. म्हणजे काही गावांचं उत्पन्न सुभेदाराच्या दौलतीत न जाता थेट त्यांच्या हाती यायचं. ही 'खासगी' लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१७४५ मध्ये मुलगा मालेराव आणि तीन वर्षांनी मुलगी मुक्ताबाई झाली. नवरा खंडेराव शूर, पण घरच्या जबाबदारीत फारसं मन नसलेला. १७५४ च्या मार्चमध्ये मराठी फौजांनी भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्याही आत होत्या. रीतीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवलं. मुलगा गेला आहे, आता तूच माझा मुलगा, मला या वयात उघडं पाडून जाऊ नकोस, अशा अर्थाची विनवणी त्या रांगड्या सुभेदाराने केली आणि अहिल्याबाई थांबल्या.

हा प्रसंग वर्गात सांगताना आपण पटकन पुढे जातो. मी म्हणेन, इथे थांबावं. तेव्हाच्या धर्मसमजुतीप्रमाणे सती न जाणं ही कमी प्रतीची गोष्ट होती. लोक काय बोलले असतील, याचा अंदाज करणं अवघड नाही. म्हाताऱ्या सासऱ्याच्या शब्दाखातर त्यांनी ते सगळं अंगावर घेतलं. आणि सासऱ्यानेही सुनेला वाचवून कोपऱ्यात बसवलं नाही. दौलतीचा वसूल, पत्रव्यवहार, न्यायनिवाडे, फौजेला दारूगोळा पुरवणं, एकेक काम तो तिच्यावर टाकत गेला. १७६५ ची मल्हाररावांची पत्रं आहेत. त्यांत सुनेला सांगितलंय की चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, मोठा तोफखाना तिथे ठेव, दारूगोळ्याची जमेल तेवढी तजवीज कर. पत्रात कुठे काळजीचा सूर नाही, समजावून सांगणं नाही. कामाच्या माणसाला जसं लिहितात तसंच लिहिलेलं आहे. चाळिशीची विधवा बाई तोफखान्याबरोबर चंबळच्या खोऱ्यातून चालली आहे, हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकातल्या शिवलिंग घेतलेल्या चित्राशेजारी कुणी तरी काढायला हवं.

मधल्या काळात १७६१ मध्ये पानिपत झालं, त्याच वर्षी गौतमाबाई गेल्या आणि खासगीचा कारभार अहिल्याबाईंकडे आला. मे १७६६ मध्ये मल्हारराव गेले. मालेराव सुभेदार झाले, पण वर्षही पुरं झालं नाही तोच, १७६७ मध्ये, तेही वारले.

मालेरावांबद्दल आपल्याकडे एक गोष्ट फार सांगतात. त्यांच्या रथाखाली वासरू आलं, गाय रस्त्यात बसून राहिली, म्हणून आईने न्यायासाठी मुलालाच रथाखाली घालायचं फर्मान काढलं. मुलं ही गोष्ट डोळे मोठे करून ऐकतात, मीही पूर्वी सांगायचो. आता सांगत नाही. तिला आधार नाही, आणि अगदी अशीच गोष्ट तमिळ मुलखात एका चोळ राजाबद्दल सांगतात. खरी हकीकत जास्त अवघड आहे. जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी माळव्यात आला. त्यांना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांच्याकडून ऐकून त्याने बरंच लिहून ठेवलंय. त्यात मालेराव विक्षिप्त आणि क्रूर दिसतात. ब्राह्मणांना दान द्यायच्या वस्तूंत विंचू लपवून ठेवायची त्यांना हौस होती आणि आई त्यामुळे रडायची. एका कारागिराला संशयावरून मारलं आणि मग तो निरपराध होता हे कळल्यावर त्यांचं चित्त बिघडलं. त्या आजारात आई दिवसदिवस त्यांच्या बिछान्याशी बसून असे. वाया गेलेल्या मुलाची आई होणं म्हणजे काय, हे पालकांना वेगळं सांगायला नको.

आता घरात कर्ता पुरुष उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवलं, की कुणा लहान मुलाला दत्तक घ्या आणि स्वस्थ बसा. दत्तक लहान असला की कारभार दिवाणाच्या हाती. अहिल्याबाईंनी साफ नकार दिला. मी एका सुभेदाराची सून, दुसऱ्याची आई, या दौलतीवर हक्क माझा, अशी त्यांची भूमिका होती. चंद्रचूडांनी पेशव्यांचे काका राघोबादादा यांना हाताशी धरलं. राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठावर येऊन उभे राहिले.

इथे अहिल्याबाईंनी जे केलं ते आठवी-नववीच्या मुलांना मुद्दाम शिकवण्यासारखं आहे. त्यांनी एकाच वेळी तीन कामं केली. शिंदे, भोसले, गायकवाड अशा सरदारांना पत्रं लिहून आपली बाजू कळवली. पुण्याला थोरल्या माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. आणि होळकरांच्या घराण्यातले विश्वासू तुकोजी होळकर यांना फौज देऊन क्षिप्रेवर पाठवलं. स्वतःही लढाईच्या तयारीने निघाल्या. बाईशी लढून जिंकलात तरी नाव नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, असा निरोप त्यांनी राघोबादादांना धाडल्याचं सांगतात. निरोपाचे शब्द काहीही असोत, माधवरावांनी काकांच्या विरुद्ध आणि अहिल्याबाईंच्या बाजूने कौल दिला. राघोबादादांनी आपण मालेरावांच्या दुखवट्यासाठी आलो होतो असं सांगून वेळ निभावून नेली. एक गोळी न सुटता दौलत वाचली.

त्यानंतर २८ वर्षं कारभार त्यांच्या हाती होता. फौजेचं आणि दूरच्या मोहिमांचं काम तुकोजींकडे, मुलखाचं आणि खजिन्याचं अहिल्याबाईंकडे. हे दोघं नेहमी गोडीगुलाबीने राहिले असं मात्र नाही. तुकोजींना मोहिमांसाठी पैसा लागे आणि बाई हिशेब मागत. त्यावरून पुष्कळ कुरबुरी झाल्या. आपल्या भाषणांतून हे गाळलेलं असतं. मला वाटतं सांगावं, कारण खजिन्याची किल्ली सांभाळणाऱ्या माणसाला सगळे चांगलं म्हणतात असं कधी होत नाही, हे मुलांना कळलेलं बरं.

राहायला त्यांनी नर्मदेकाठचं महेश्वर निवडलं. त्यांचा वाडा आजही तिथे आहे. वाडा म्हणायला वाडा, पण साधा, लाकडी खांबांचा, आपल्या मराठी खेड्यातल्या सधन घरासारखा. खाली भव्य घाट. पहाटे सूर्योदयाच्या आधी उठणं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग जेवण, आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार. रात्री पुन्हा दोनेक तास काम. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याला त्या स्वतः भेटत. पडद्याची चाल त्यांनी कधी पाळली नाही. बाहेरून विणकर आणून त्यांनी महेश्वरात वसवले, त्यातून महेश्वरी साडी नावारूपाला आली आणि आजही तिथले माग चालू आहेत.

भिल्लांचं प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं. डोंगरी वाटांवर भिल्ल आणि इतर टोळ्या वाटसरूंना लुटत. अहिल्याबाईंनी आधी समजुतीने पाहिलं, मग कडक शिक्षाही केल्या, काहींना देहान्तही दिला. पण तेवढ्याने वाटमारी थांबेना. मग त्यांनी एक तोडगा काढला. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी रक्कम घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. तिला 'भिलकवडी' म्हणत. त्याच्या बदल्यात आपल्या हद्दीतली वाट राखायची आणि चोरी झाली तर माल शोधून द्यायचा, ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली. कसायला पडीक जमिनी दिल्या. वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर मुलाला मॉनिटर करणारे आपल्यातले जुने शिक्षक हा उपाय ओळखतील.

विधवांच्या बाबतीतही त्या ठाम होत्या. मूल नसलेल्या श्रीमंत माणसाच्या मागे त्याची संपत्ती सरकारात ओढून घेण्याची चाल होती, निदान दत्तकाच्या परवानगीसाठी मोठा नजराणा तरी उकळला जाई. अहिल्याबाईंनी हे बंद पाडलं. खरगोणच्या सावकारांच्या विधवा आपलं धन त्यांच्या पायाशी ठेवायला आल्या, तेव्हा त्यांनी ते घेतलं नाही. गावाच्या उपयोगाच्या कामाला लावा असं सुचवलं, आणि त्या पैशातून नदीला घाट झाला, गणपतीचं देऊळ झालं.

आता औंढ्याच्या प्रश्नाकडे येऊ. देवळं, घाट, धर्मशाळा, विहिरी यांचा खर्च अहिल्याबाईंनी मुख्यतः आपल्या खासगीतून केला. गौतमाबाईंकडून आलेली तीच जहागीर. रयतेच्या करातून आलेला दौलतीचा पैसा वेगळा आणि धर्मादायाचा वेगळा. हे पैसे कुठल्या एका राज्यापुरते नव्हते. काशीचं विश्वनाथ मंदिर १७८० मध्ये उभं राहिलं, मणिकर्णिका घाट बांधला गेला. सोमनाथला १७८३ मध्ये जुन्या जागेजवळ नवं मंदिर झालं, गयेला विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये. गंगेचं पाणी कावडींनी दक्षिणेतल्या दूरदूरच्या देवळांत पोचवण्याची सोय त्यांनी लावली. यातली बहुतेक ठिकाणं होळकरांच्या मुलखाबाहेरची. आपल्या मराठवाड्यापुरतं बोलायचं तर औंढा, परळी आणि वेरूळ या तिन्ही ज्योतिर्लिंगांच्या जीर्णोद्धाराशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. पंढरपुरात महाद्वाराजवळचा होळकर वाडा वारकऱ्यांना माहीत असतोच. जिथे फौज पाठवायचं कारण नव्हतं तिथे त्यांनी गवंडी आणि पैसा पाठवला.

आपण जी भाषणं मुलांना लिहून देतो त्यांच्यासाठी माल्कमने नोंदवलेली एक हकीकत. एका विद्वानाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग नर्मदेत टाकून द्यायला सांगितला. लेखकाची पुढे काही दखलही घेतली नाही.

घरात मात्र शेवटपर्यंत सुख लागलं नाही. मुलगी मुक्ताबाईचं लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झालं होतं. चोर-लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन असा पण लावला होता आणि तो फणशांनी जिंकला, असं सांगतात. त्यांचा मुलगा नथोबा हा आजीचा जीव की प्राण. तो ऐन उमेदीत क्षयाने गेला. त्यानंतर साधारण वर्षभरात, १७९१ मध्ये, यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली.

अहिल्याबाई तेव्हा ६६ वर्षांच्या. सत्ता हातात, फौज हाताशी, हिंदुस्थानभर नाव. त्यांनी मुलीपुढे जमिनीवर लोटांगण घातलं. आपल्याला एकटं टाकून जाऊ नकोस म्हणून विनवलं. सदतीस वर्षांपूर्वी कुंभेरला मल्हाररावांनी त्यांना जे विनवलं होतं जवळजवळ तेच. त्या वेळी सुनेने ऐकलं होतं. मुलीने ऐकलं नाही. तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांत जाशील, मुलगा आणि नवरा दोघंही गेल्यावर तुझ्यामागे मी कुणासाठी जगू, असं तिचं म्हणणं होतं. या बोलण्याला आईकडे उत्तर नव्हतं.

मग त्या यात्रेबरोबर चालत घाटावर गेल्या. चितेजवळ दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्या किंचाळल्या, हात सुटेनात म्हणून ते चावू लागल्या. सगळं संपल्यावर नर्मदेत स्नान करून वाड्यावर आल्या आणि तीन दिवस अन्न जवळजवळ घेतलं नाही, एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर उठून त्यांनी मुलीचं आणि जावयाचं स्मारक बांधायला घेतलं.

सहावी-सातवीला मी हा भाग सांगत नाही. नववीला सांगतो, आणि दरवर्षी कुणी ना कुणी मुलगी विचारते की बाई राज्य करत होत्या तर त्यांनी हुकूम देऊन का थांबवलं नाही. याचं गुळगुळीत उत्तर मी देत नाही. त्या ज्या धर्मासाठी देवळं बांधत होत्या त्याच धर्माच्या नावाने ती चिता रचली गेली होती. वाटमारी करणाऱ्यांची समजूत घालता आली, नजराण्याची चाल मोडता आली. इथे त्या आई म्हणून हात जोडू शकल्या, सुभेदार म्हणून हुकूम मात्र काढू शकल्या नाहीत किंवा त्यांनी काढला नाही. सतीबंदीचा कायदा झाला तो १८२९ मध्ये.

मुक्ताबाईनंतर अहिल्याबाई चारेक वर्षं जगल्या आणि दरबार चालूच राहिला. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली. खर्डा त्यांच्या चौंडीच्याच तालुक्यात, आणि निजामाविरुद्धच्या त्या लढाईत होळकरांची फौजही होती. पाचच महिन्यांनी, १३ ऑगस्ट १७९५ ला, महेश्वरला त्या गेल्या. वय ७०. तिथी श्रावण वद्य चतुर्दशी, म्हणजे आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते तो दिवस. बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावायला संध्याकाळी मुलं घरी असतातच. त्या दिवशी शाळेत शेवटचा तास मोकळा ठेवता आला तर मुक्ताबाईपर्यंतची ही गोष्ट त्यात बसते.